कथा जाई ऱ्हायनी?

पुण्यात सुईणपणाचं शिक्षण घेऊन तापीकाठच्या त्या गावी मी दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा बावीस वर्षांची होते. इंग्रजी अंमलाचे दिवस. माझ्यासारखं मराठी तिथं फक्त शाळेत ऐकू यायचं.

पहिल्याच सकाळी शेजारच्या ओट्यावर ज्वारी पाखडणाऱ्या म्हातारीनं हाक मारली, "कथा जाई ऱ्हायनी व माय?"

कुठं निघालीस, असं ती विचारत होती. आमच्याकडे घराबाहेर पडणाऱ्याला असं विचारत नाहीत. त्यात ओळख ना पाळख, आणि एकेरी हाक! मी फणकाऱ्यानं म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?"

तिचं सूप थांबलं. मग आठवडाभर गल्लीत मला कुणीच काही विचारलं नाही. आधी बरं वाटलं. चार दिवसांनी घर खायला उठलं.

एका दुपारी तीच म्हातारी धापा टाकत दवाखान्यात आली. घरी सून अडली होती. मी पेटी उचलून तिच्यामागे धावले. पोर जेमतेम सतराची, घामानं निथळलेली. "घाबरू नका, तुम्ही श्वास घ्या," मी परोपरीनं सांगत होते, पण ती माझ्याकडे बघेचना.

म्हातारी मागून म्हणाली, "तू म्हण व तिले. तुम्ही म्हणस ते तिले भ्याव वाटस."

मी अडखळत म्हटलं, "भिऊ नको व माय. मी शे ना."

पोरीनं माझं मनगट धरलं, ते मुलगी जन्माला येईपर्यंत सोडलं नाही.

हात धुताना मी म्हातारीला म्हणाले, "त्या दिवशी माझं चुकलं."

ती हसली. "हाऊ काय सवाल शे? 'आठेच' म्हनं, का झायं." तो प्रश्न नव्हताच; नुसतं 'इथंच' म्हटलं तरी तिला पुरणार होतं.

दिवाळीला आई आली. कुणी तिला "जेवनी का व?" विचारलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. पण तिसऱ्या दिवशी ती म्हातारीबरोबर मेथी निवडत बसलेली दिसली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत नव्हतं, तरी गप्पा थांबत नव्हत्या.

स्टेशनाकडे जायला आई बैलगाडीत बसली, तेव्हा 'पुन्हा ये' म्हणायला बाया गोळा झाल्या. "येजो व माय!"

"यांना काय म्हणायचं?" आईनं हळूच विचारलं. 'येते'ला इथं 'येस' म्हणतात, मी सांगितलं.

"येस व माय, येस!" आई खणखणीत पुणेरी आवाजात ओरडली. सगळी गल्ली हसली. आईही पदर तोंडाला लावून गाडी वळेपर्यंत हसत होती.