पत्त्यावर सापडत नाही

पेपरच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत आईचं नाव होतं. बाबांमागे तिच्याकडे राहिलेल्या दोन खोल्यांवर काकांनी दावा लावला होता. आई पत्त्यावर सापडत नाही, म्हणून कोर्टाचं समन्स पेपरात छापलं होतं. ती हजर राहिली नाही तर निकाल एकतर्फी लागणार होता.

मी मोठ्याने वाचलं. डाळ निवडणाऱ्या आईचा हात थांबला.

"सापडत नाही? परवाच तुझी काकू माझी चाळणी घेऊन गेली की!"

आईला वाचता येत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. पण शाळेतल्या बाई रोज आमच्याकडून पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? तेव्हा कंटाळा यायचा. आज त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. छापलं म्हणजे कळलं, असं कायदा धरून चालतो. वाचणारं कुणीच नाही अशा किती घरांत हे कोपरे तसेच रद्दीत जात असतील!

"तारीख कधीची?" आईने विचारलं.

"सोमवारची."

"मग जा, आधी चाळणी मागून आण. आणि काकूला सांग, सोमवारी मी कोर्टात सापडेन."