मागच्या चाकाचा नट

माझा मोठा भाऊ मंगरूळपीरच्या एका मोटारमालकाकडे ड्रायव्हर होता. मोटार जुनी होती, कापडी टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. मंगरूळपीर ते वाशीम ती सवाऱ्या नेत असे. मी अमरावतीला कॉलेजात शिकत होतो तो त्याच्या या नोकरीच्या जोरावर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं आणि दादा तर दुसरीतूनच उठला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे बिघडलं ते त्याचा माझ्या शिक्षणावर फार विश्वास होता म्हणून बिघडलं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हाचा उन्हाळा. मी सुटीत आसेगावला घरी आलो होतो. शनिवारी सकाळी दादा कुणाला तरी सोडायला मोटार घेऊन गावात आला आणि परत निघताना मोटार जागची हलेना. इंजिन नीट चालत होतं, पण मागचं चाक ढिम्म. दादा खाली वाकला, हात घालून चाचपून आला आणि म्हणाला, "चावी तुटली."

चावी म्हणजे चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, कण्याशी जखडून ठेवणारा लोखंडाचा बोटभर तुकडा. तो तुटला की कणा आतल्या आत फिरतो आणि चाक उभं राहतं. तशी चावी आमच्या गावचा लोहारही कानशीने घासून करू शकला असता. पण ती बसवायची तर चाक काढायला हवं होतं आणि चाकाला कण्याच्या टोकावर एका मोठ्या, सहा बाजूंच्या नटाने दाबून धरलं होतं. तो नट गंजून कण्याशी एकजीव झाल्यासारखा दिसत होता.

दादाने सायकलवाल्याबरोबर मालकाला निरोप धाडला. संध्याकाळी उत्तर आलं. सोमवारच्या बाजाराला मोटार अड्ड्यावर दिसली नाही तर ती अकोल्याच्या भंगारवाल्याला जाईल. पेट्रोल कुपनावर, टायर मिळत नाही, सुटा भाग मिळत नाही. मालक आधीच वैतागला होता. मोटार गेली की दादाची ड्रायव्हरी जाणार होती आणि त्या दिवसांत दुसरी मिळणं कठीणच होतं.

तोवर शेजाऱ्याच्या बैलांनी मोटार ओढून लोहाराच्या भात्यासमोर आणून ठेवली होती. शेजारी जू सोडता सोडता म्हणाला, "यापेक्षा कडब्यावर चालनारी घेतली असती त बरं झालं असतं, ड्रायव्हरसाहेब."

दादाने लोहारबाबांना हाक मारली.

लोहारबाबा म्हातारे होते, पण हात घट्ट होता. त्यांनी नटावर नख घासलं, हातोडीने हलकेच ठोकून कान लावला.

"तापोनं लागते," ते म्हणाले. "असा नाई निघत हा."

खरं तर मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण कॉलेजात नुकताच आम्हाला पितळेचा गोळा तापवून दाखवला होता. थंड असताना तो एका कड्यातून आरपार जाई आणि तापला की कड्यावरच अडकून बसे. तो प्रयोग मला फार आवडला होता. मी म्हणालो, "बाबा, लोखंड तापलं की फुगते. नट फुगला का त्याचं भोक लहान होईन. मंग तो कण्याले जास्तच आवळून धरन."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकात असं हाय?"

"हो," मी म्हणालो.

पुस्तकात गोळा होता. नट नव्हता. पण तेव्हा मला त्यात फरक वाटला नाही.

"मंग राहू द्या, बाबा," दादा म्हणाला. "हा शिकेल हाय. आपन आंगठेबहाद्दर, आपल्याले काय समजते."

बाबांनी खांदे उडवले आणि चिलीम भरायला घेतली. आम्ही नटावर घासलेट सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. मग दादाने पाना लावला, पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली आणि आम्ही दोघं तिच्यावर लोंबकळलो. नट हलला असं वाटलं. मी आनंदाने वर पाहिलं, तर हलला होता तो पाना. नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते. आणखी दोनदा तसंच झालं आणि मग पान्याला धरायला काही उरलंच नाही.

दादा बराच वेळ त्या गोल नटावरून अंगठा फिरवत बसला.  मला रागावला असता तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी पुन्हा लोहाराकडे गेलो, पण बाबा दुसऱ्या कामात होते. एका बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचा लोखंडी पाटा. मोठं लोखंडी कडं जमिनीवर आडवं ठेवून त्याच्यावर गोवऱ्या रचल्या होत्या. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलं होतं की कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र मी लाकडी चाकाकडे पाहिलं, मग कड्याकडे पाहिलं आणि मला कडं लहान वाटलं.

"बाबा, हे याच्यावर बसन कसं? लहान हाय."

"लहानच पाह्यजे. मोठं असतं त गळून नसतं पडलं?"

मी सुतळी मागितली. गोवऱ्या थोड्या सारून कड्याच्या आतल्या बाजूने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सुतळी ताणली आणि गाठ मारली. लोकांना गंमत वाटत होती. एकाने विचारलं, "कायचं माप घेऊन राह्यला बापू, सदऱ्याचं का?"  गोवऱ्या पेटल्या, कडं लाल झालं, चौघांनी सांडशांनी ते उचललं आणि चाकावर ठेवलं. ते सहज खाली उतरलं. पाणी ओतण्याआधी मी घाईने गाठीची सुतळी कड्यावरून धरली. गाठ दुसऱ्या कडेला पोचत नव्हती, पाऊण बोट कमी पडत होती.

मग पाणी पडलं, वाफ उठली, आणि लाकूड करकरत आवळलं गेलं.

मी तिथेच बसून विचार केला. कडं तोडून सरळ केलं तर ती एक पट्टीच. पट्टी तापली की लांब होणार. लांब झालेली पट्टी पुन्हा वाकवून जोडली तर कडं मोठंच होणार, आतूनही. मग नटाचं भोक लहान कसं होईल? मी गोळा तापवलेला पाहिला होता. कडं तापवून पाहिलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती. आणि बाबांना ती काल माहीत होती. त्यांनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं.

"बाबा, काल तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"तू म्हनला ना, पुस्तकात हाय. म्या म्हनलं, मोटारीचं लोखंड अलग असन."

ते थट्टा करत नव्हते. म्हणून मला जास्त लाज वाटली.

मी दादाला सांगायला गेलो. तो मोटारीच्या पायरीवर बसला होता. मी सगळं सांगितलं, सुतळीसकट. त्याने ऐकून घेतलं.

"म्हंजे म्हातारा बरोबर होता."

"हो."

"अन तू अमरावतीले काय शिकून राह्यला?"

"अर्धंच शिकलो अजून."

"त ऊठ. कानस धर."

बाबांनी गोल झालेला नट कानशीने घासून चौकोनी करायला सांगितला. सहा बाजू गेल्या होत्या, चार नव्या काढायच्या होत्या. दुपारपर्यंत दादा आणि मी आळीपाळीने घासत होतो. मग बाबांनी लाकडी आऱ्यांवर ओली पोती गुंडाळली. गाडीच्या चाकाच्या तुंब्यात बसवतात तसं एक जुनं, जाड लोखंडी नळकांडं त्यांनी भट्टीत लाल केलं आणि सांडशीने नटावर टोपीसारखं चढवलं. ग्रीसचा धूर निघाला. ते आकडे मोजत नव्हते, नुसतं नटाकडे पाहत होते.

"आता. कना तापायच्या आंधी."

नळकांडं निघालं, पाना बसला. दादा एकटाच जोर लावत होता. आधी काहीच झालं नाही. मग एक कोरडा, कुरकुरता आवाज आला आणि पाना फिरला. मी नटाकडे पाहिलं. या वेळी नटही फिरला होता.

चावी बाबांनी संध्याकाळी घडवली. सोमवारी उजाडताच आम्ही निघालो. दादा चढावर गाडी हळू घेत होता आणि मी मान बाहेर काढून मागच्या चाकाकडे पाहत होतो.

अड्ड्यावर मालक उभा होता. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि चौकोनी नटापाशी थांबला.

"हे काय केलं?"

"नट हाय," दादा म्हणाला.

"राहते का?"

"आसेगावपासून राह्यला."

 वाशीमच्या सवाऱ्या गाठोडी घेऊन उभ्या होत्या, मालक त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बसा."

दादाने माझ्याकडे मान वळवली. "उतर बापू. ते सवारीची जागा हाय."

मी उतरलो. एक बाई कोंबडी काखेत घेऊन माझ्या जागेवर बसली. दादाने हँडल मारलं आणि मोटार वाशीमच्या रस्त्याला लागली.