चौकटीवरचं रक्त

आमचे हे उपदेशक होते. हिंगणघाटहून वडनेरकडे जाताना लागणाऱ्या एका खेड्यात मिशनने आम्हांला दोन खोल्या दिल्या होत्या, आणि दर गुरुवारी दुपारी ओसरीवर बायकांचा वर्ग घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पगार यांना, काम दोघांना. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

त्या फाल्गुनात गावात देवीची साथ आली. माता आली, असंच लोक म्हणत. जिच्या घरी आली तिच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा, चुलीवर फोडणी बंद, परक्याला मज्जाव. आम्ही ख्रिस्ती, तेव्हा डहाळा वगैरे आमच्यात नाही, आम्ही शहाणे. यांनी मला फर्मान सोडलं, या गुरुवारी बायबलातल्या मिसर देशावरच्या दहा पीडांचा धडा घे. "लोक घाबरलेले असले की देवाचं ऐकतात." हे ऐकून मला तेव्हाही किळस आली होती. पण नवऱ्याला उलटून बोलायची पद्धत आमच्यात नव्हती.

वर्गाला सहा-सात बायका यायच्या. त्यांत एक गोंडाची होती, आमच्या परसाला लागून राहणारी. घरात तिची बोली वेगळी, आमच्याशी वऱ्हाडी. नवरा हिंगणघाटला कापसाच्या गिरणीत, पंधरा-पंधरा दिवस घरी नसे. चार वर्षांचा एकुलता एक मुलगा. तो सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरून गुळाचा खडा मागायचा. लस टोचणारा सरकारी माणूस शनिवारी चावडीवर येणार होता. माता गावात असताना टोचलं तर ती कोपते, म्हणून बायका पोरं लपवायच्या बेतात होत्या. ही एकटीच म्हणाली होती, "नेईन मी माह्या पोट्ट्याले. कोनी काई म्हनो."

धडा मी चांगला रंगवून सांगितला. मिसरच्या राजानं देवाच्या लोकांना गुलाम केलं, सोडायला तयार होईना, म्हणून देवानं एकेक पीडा धाडली. पाण्याचं रक्त झालं, बेडूक आले, गुरं मेली, माणसांच्या अंगावर फोड उठले. फोडांपाशी आल्यावर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मग शेवटची पीडा. घरोघरचा पहिला मुलगा मेला. ज्यांनी चौकटीला कोकराचं रक्त लावलं आणि दाराबाहेर पाऊल टाकलं नाही, तेवढ्यांचे वाचले.

परसापलीकडची ती गोंडाची पुढे सरकली. "म्हंजे कोनीच भाहेर नाई पडाचं?"

"कोणीच नाही," मी ठसक्यात सांगितलं.

ही एका रात्रीची गोष्ट, तीही हजारो वर्षांपूर्वीची, हे काही मी बोलले नाही. ते तिला कळलंच असेल असं मी धरून चालले.

शनिवारी सकाळी दवंडी झाली. तिचं दार बंद. चौकटीच्या दोन्ही अंगांना आणि वरच्या लाकडावर रक्त वाळून काळं पडलेलं, उंबऱ्याशी कोंबडीची पिसं. मी दार ठोठावलं. "अगं, टोचणारा आलाय. पोराला घेऊन चल."

आतून आवाज आला, "बाई, तुमीच सांगतलं ना, भाहेर नाई पडाचं म्हनून. परवापासून घरातच बसली आहो."

अगं वेडे, ते निराळं, असं मी म्हणणार तोच हे मागून आले. चौकट पाहून यांचा चेहरा उजळला. "राहू दे," म्हणाले, "विश्वास धरलाय तिनं. मोडू नकोस." तीन वर्षांत त्या गावातलं एकही घर आमच्या धर्माकडे वळलं नव्हतं, मिशनला पाठवायच्या पत्राची जुळवाजुळव यांच्या डोक्यात सुरू झालेली मला दिसत होती. मी मागे फिरले. आमच्या दोघांच्या दंडांवर लहानपणी टोचलेल्या लशीचे वण होते, हेही सांगून टाकते. दुपारी तो माणूस सायकलवर टांग मारून पुढच्या गावाला गेला.

पुढच्याच आठवड्यात पोराला ताप चढला, मग अंगभर फोड. अकराव्या दिवशी तो गेला.

"मन कठीण केलं की असंच होतं," हे म्हणाले. कोणाचं मन? त्यानंतर तो भाग मी कितीदा वाचला असेन. राजाचं मन कठीण केलं ते देवानंच, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. आणि मेला कोण, तर जात्यामागे बसून दळणाऱ्या दासीचाही पहिला मुलगा, हेसुद्धा लिहिलंय. तिनं कोणाला गुलाम केलं होतं? विद्वान लोक याचे अर्थ लावतात: न्याय म्हणे, सामर्थ्य म्हणे, मिसरच्या देवतांचा पाडाव म्हणे. असेल. मी पाहिलेला अर्थ सांगणारा माणूस तरी ज्याच्या घरी कोणी मेलं नव्हतं असाच होता. यांना मी दासीबद्दल विचारलं, तर जेवायला वाढ म्हणाले.

दिवस झाल्यावर ती आली. ओसरीखालीच उभी राहिली. आता ही मला शिव्या देणार, असं मला वाटलं. द्यायलाच हव्या होत्या.

"बाई, मले एकच सांगा," ती म्हणाली. "काय चुकलं जी माहं? कोंबडीचं रगत चालत नाई काय?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. दार उघडून पोराला चावडीवर न्यायचं होतं, बस्स. आणि ते तिच्या बंद दाराशी उभं राहून सांगायचं काम माझं होतं. मी तसं सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती, गाव काय म्हणालं असतं, आतल्या खोलीत लिहीत बसलेले हे काय म्हणाले असते, सगळं माझ्या डोक्यात घोंघावून गेलं.

"कोकराचंच लागतं गं," मी म्हणाले.

तिनं सावकाश मान हलवली. "तरीच," ती म्हणाली. "म्हंजे म्याच मारलं त्याले."