साडूंची वही

माझ्या थोरल्या साडूंइतका घाबरट माणूस वाशीच्या खाडीपासून पनवेलपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि आपल्या भीतीवर इतकं मनापासून प्रेमही कुणी केलं नसेल. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ते कामोठ्याच्या घराबाहेर जिन्यात उभे राहत. पाल दिसली की ती आपण होऊन जाईपर्यंत सगळी खोली तिला देऊन टाकत. मूळचे साताऱ्याकडचे, अंगाने आडदांड, मिशा अशा की अनोळखी माणसाने वाट सोडावी. पण कॉम्प्युटरवर एंटर दाबायची वेळ आली की आधी दोन्ही हात मांडीवर ठेवून इकडेतिकडे बघत आणि मग करंगळीने हळूच दाबत. मी एकदा हसलो, तर शांतपणे म्हणाले, "भ्यावं माणसानं, पाव्हणं. भिणाऱ्याच्या हातनं चूक हुईत न्हाई."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलच्या रक्तपेढीत होतो. ते कॉम्प्युटर सांभाळत, मी काउंटरवर. मला चिकटवलंही त्यांनीच. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची आणि प्रत्येक पेशंटची नोंद कॉम्प्युटरात असे. एकाने नोंद उघडली की त्याचं काम होईपर्यंत दुसऱ्याला तिला हात लावता येत नसे, नाहीतर एकच पिशवी दोघांना दिली गेली असती. जुना सर्व्हर होता तोवर सगळं रखडत का होईना, पण रांगेने चाललं. मग दोन प्रोसेसरचा नवा सर्व्हर आला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन मध्येच गोठायला लागल्या. सगळे सर्व्हरला शिव्या घालत होते. साडू मात्र आठवडाभर आमच्या पाठीमागे स्टुलावर बसून, कोणी कोणती नोंद किती वाजता उघडली ते वहीत लिहीत राहिले. शेवटी त्यांनी निदान केलं ते स्वयंपाकघरातलं. आधी एकच बाई रांधत होती, आता दोन जावा एकदम रांधतायत. एकीने पळी धरलीय, दुसरीने कढई, दोघी एकमेकींची वाट बघतायत आणि फोडणी जळतेय. आमच्यातले काहीजण आधी पिशवीची नोंद उघडत, काहीजण आधी पेशंटची, एवढंच दुखणं होतं.

मग नियम निघाले. आधी पेशंट, मग पिशवी. कॉम्प्युटरची चिठ्ठी निघाल्याशिवाय पिशवी फ्रीजबाहेर काढायची नाही. आणि नोंद उघडताना मोठ्याने "धरलं", बंद करताना "सोडलं" म्हणायचं. रक्त न्यायला आलेले लोक बिचकून आमच्याकडे बघत. ही सवय साडूंच्या घरातही शिरली. सकाळी संडासात जाताना ते "धरलं" म्हणत, बाहेर आल्यावर "सोडलं", आणि भिंतीपलीकडचे शेजारी त्यावर घड्याळ लावत. काउंटरवर घोळ झाला तर गुन्हेगाराचं नाव वहीत जाई, तिथे नातंगोतं चालत नसे. चहाला जाताना एक नोंद उघडी राहिली म्हणून त्यांनी एकदा स्वतःचंच नाव लिहून खाली सही ठोकली होती. कारण सापडल्याबिगर वही मिटायची न्हाई, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तिला चित्रगुप्ताची वही म्हणायचो.

मग ती दुपार आली. माझी बायको पहिलटकरीण, आमच्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर. मुलगी झाली, पण पाठोपाठ निरोप आला की रक्त थांबत नाहीये. तिचा गट ओ निगेटिव्ह, आणि फ्रीजमध्ये त्या गटाची एकच पिशवी. माझं डोकंच चालेना. ती दुसऱ्या कुणाला जाईल या भीतीने मी नियम मोडून आधी पिशवीची नोंद धरली, मग बायकोची उघडायला गेलो, तर स्क्रीन गोठली. मशीन रखडतंय असं समजून मी तसाच जिन्याने वर पळालो. पलीकडच्या काउंटरवर सारसोळ्याच्या एक बाई होत्या. वॉर्डचा फोन आल्याबरोबर त्यांनी नियमाप्रमाणे आधी बायकोची नोंद उघडली होती, आणि आता पिशवीची नोंद सुटायची वाट बघत बसल्या होत्या.

वर मी दाराशी उभा होतो. रक्त कुठे अडलं, असं नर्स दोनदा येऊन विचारून गेली. इतका घाबरलो होतो की बायकोचा चेहरासुद्धा आठवेना. खाली काय चाललं होतं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. त्या साडूंना म्हणाल्या, "पेशंट माज्याकडं हाय, पन पिशवी कुनीतरी धरून बसलाय." चालू काम मध्येच तोडायचं म्हटलं की साडूंचा जीव अर्धा व्हायचा. अर्धवट नोंदीत पिशवीचा गटच पुसला गेला तर, ही त्यांची रोजची धास्ती. त्या दिवशी त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. करंगळीने एंटर दाबलं आणि पिशवी धरून बसलेलं काम तोडलं. चिठ्ठी निघाली. पिशवीवरचा गट त्यांनी तीनदा वाचला आणि शिपायाच्या मागोमाग स्वतः वर आले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. "लई भ्या वाटलं, पाव्हणं," एवढंच बोलून ते माझ्याशेजारी भिंतीला टेकले.

बायको वाचली. तिन्हीसांजेला तिने मुलीला जवळ घेतलं तेव्हा मी खाली आलो, आणि माझ्या स्क्रीनवर काम तोडल्याचा संदेश दिसला. माझ्या बायकोचं रक्त मीच अडवून धरलं होतं.

त्या दिवसापासून साडूंची भीती माझ्याकडे राहायला आली. त्यांनी वही उघडली की मी काहीतरी निमित्त काढून फ्रीजकडे जायचो. बायकोला कळलं तर, मेव्हणीला कळलं तर, मुलगी मोठी होऊन विचारेल तर. मी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि साडूही कधी बोलले नाहीत. त्यांना माहीतच नसावं, अशी मी वर्षानुवर्षं माझी समजूत घालत आलो.

गेल्या वर्षी साडू गेले. तेराव्याला मेव्हणीने ती वही माझ्या हातात ठेवली. पाव्हण्यांनाच द्या, असं सांगून गेले होते म्हणे. ते शिट्ट्या मोजत उभे राहायचे त्याच जिन्यात उभा राहून मी त्या दुपारचं पान काढलं. पिशवी, पेशंट, वेळ, कोणत्या काउंटरवरून, सगळं बारीक अक्षरात होतं. फक्त नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, "कारण सापडलं नाही." खाली सही. आयुष्यात एवढं एकच खोटं लिहिलं असेल त्यांनी, आणि लिहिताना किती घाबरले असतील. मी खिशातलं पेन काढलं, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि वही घेऊन आत बायकोकडे गेलो.