शीटमधून निघालेला कंटेनर

पनवेलच्या ज्या क्लिअरिंग ऑफिसात मी नोकरी करते, तिथे अकरा वर्षं माझं मुख्य काम एकच होतं: कंटेनर कुठे आहे ते सांगणं. बंदरातून सुटलेला माल इथल्या एका यार्डात येऊन थांबतो आणि कागदपत्रं झाली की ट्रेलरवर चढून गिऱ्हाइकाकडे जातो. मधल्या काळात गिऱ्हाईक दर तासाला फोन करतं. मी रोज सकाळी यार्डातल्या काकांना फोन लावायचे आणि एकेक नंबर वाचायचे. ते "हाय", "नाय" किंवा "गेला" म्हणायचे आणि मी एक्सेलमध्ये तसं लिहायचे.

काका बेलपाड्याचे. दिवसभर कंटेनरच्या थप्प्यांमधून फिरून कुठला डबा कुठे ठेवलाय हे बघणं हे त्यांचं काम. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण माझ्या मुलीची दहावी आणि त्यांचा गुडघा, दोन्हींची खबर दोघांनाही असायची.

मग एकदा आमचे शेठ खारघरच्या हॉटेलात कुठलासा सेमिनार ऐकून आले. बूटसुद्धा न काढता म्हणाले, "मॅडम, आपल्याला डेटा कनेक्ट करायचाय."

"कशाला?"

"सगळ्याला."

मी शनिवार-रविवार कामोठ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागले. शिकवणारा पहिल्या दिवशी मला आंटी म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात माझी शीट पहिल्या फटक्यात चालली, तेव्हा मॅडम म्हणाला. यार्डाने कंटेनरची स्थिती आपल्या वेबसाइटवर टाकायला सुरुवात केलीच होती. ती माझ्या शीटमध्ये दर पंधरा मिनिटांनी आपोआप येऊन पडू लागली. गिऱ्हाइकांसाठी मी एक फॉर्म बनवला. त्यात नंबर टाकला की शीटमधलं उत्तर समोर यायचं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा मला खरंच भरून आलं. सव्वादहा वाजता लक्षात आलं, की दिवसाचं काम संपलंय.

एकच अडचण होती. वेबसाइटवर काही नसलं की शीटमध्ये रिकामा चौकोन दिसायचा, आणि रिकामा चौकोन बघून शेठ अस्वस्थ व्हायचे. मी फॉर्म्युला टाकला: रिकामं असेल तिथे 'प्रक्रियेत' असं दिसावं. शेठ खूश झाले. 'प्रक्रियेत' म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

काकांना मी सवयीने आठवडाभर फोन केला. "बोला नंबर," ते म्हणायचे. "आज नंबर नाहीत, सहज केला," मी म्हणायचे. आठवड्याने तेही थांबलं.

महिनाभराने एका टाइल्सच्या व्यापाऱ्याचा कंटेनर सकाळी साडेनऊलाच 'निघाला' असा दिसला. त्याने फॉर्मवर तपासून गोदाम उघडलं आणि हमाल बोलावले. दुपारचे दोन वाजले तरी ट्रेलर आला नाही. त्याने ट्रेलर दिसतो का बघायला पळस्पे फाट्यावर एक माणूस उभा केला आणि मला फोन केला. "तुमचा फॉर्म निघाला म्हणतोय, मग कंटेनर गेला कुठे?"

मी काकांना फोन लावला. नंबर सांगताच ते म्हणाले, "कुठं नाय गेला. माज्या समोर उबा हाय. वर कावला बसलाय."

मी शेठना सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "इथे तर निघालाय."

"काका समोर उभे आहेत त्याच्या."

"वय झालंय त्यांचं. दुसरा बघत असतील."

मी काकांकडून फोटो मागवला. त्यात अर्धा अंगठा आला होता, पण नंबर स्वच्छ दिसत होता. शेठनी फोटो मोठा करून बघितला. "हा आजचाच कशावरून?"

तेव्हा मी उठले आणि रिक्षाने यार्डात गेले.

यार्डाच्या ऑफिसात माझ्याच वयाची एक बाई कॉम्प्युटरसमोर बसली होती. मी नंबर दाखवला. ती जराही गोंधळली नाही. "आमचापण एक फॉर्म असतो. दहाच्या आत भरला नाही तर वरून मेल येतो. म्हणून आज जे निघायचे असतात ते सकाळीच 'निघाला' करून टाकते. संध्याकाळपर्यंत निघतातच ना."

"आणि ट्रेलर आलाच नाही तर?"

"मग उद्या निघतो."

"आणि बाकीचं? कुठला आलाय, कुठला नाही, ते कुठून कळतं?"

तिने खिडकीबाहेर हात केला. "काकांना विचारते."

मला चिडायचं होतं, पण माझ्या शीटमधले 'प्रक्रियेत' आठवले. तिने चहा मागवला, तो मी निमूटपणे प्यायले.

बाहेर काका उभे होते. बुटके, पिवळं हेल्मेट, एक पाय जरा जपून टाकणारे. मला नीट न्याहाळून म्हणाले, "आवाजावरून तुमी उंच असाल असं वाटलं व्हतं." मग दोन थप्प्यांमधून मला आत घेऊन गेले. "ह्यो बगा तुमचा निघालेला."

निळा, एका बाजूला चेपलेला. मी पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला, तापला होता. अकरा वर्षांत हजारो नंबर लिहिले असतील, पण कंटेनरला हात लावायची ही पहिलीच वेळ. काका हसले नाहीत, हे बरं झालं.

ट्रेलर दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि टाइल्स पोचल्या. व्यापाऱ्याने आमचं तोंड न बघण्याची शपथ घेतली आणि पुढच्याच आठवड्यात नव्या मालाचे कागद पाठवले. शेठना मी सगळं सांगितलं: आमचा फॉर्म, आमची शीट, यार्डाची वेबसाइट, यार्डाचा फॉर्म, ती बाई, आणि सगळ्यांच्या टोकाला काका. ते लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे सिस्टिम बरोबर आहे," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

आता शीटमध्ये एक जादा रकाना आहे, 'प्रत्यक्ष पाहिला'. तो मी रोज सकाळी फोन करून भरते. शेठ गिऱ्हाइकांना सांगतात, आमच्याकडे डबल व्हेरिफिकेशन आहे. व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात त्यांचा याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. शाल त्यांनी ठेवली, नारळ मला दिला. मी तो एका ट्रेलरवाल्याबरोबर यार्डात पाठवला.

दुपारी काकांचा फोन आला. नारळ मिळाला, पण खवट निघाला, म्हणाले.