बुधवारच्या फ्लॉपीतला जमादार

आर्वीकडच्या आमच्या कापूस संस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा मी तिथं शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांशी भांडून सोडलेली. पण मशीनच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती, आणि चप्पल काढल्याशिवाय मी साहेबांनाही आत सोडत नव्हतो.

मशीनवर एक बाई बसायच्या. शनिवारी त्या सगळ्या फाइलींची नक्कल फ्लॉप्यांवर उतरवत. बाकीच्या दिवशी फक्त ज्या फाइलीत फेरबदल झाला तेवढीच. रोजची फ्लॉपी वेगळी. त्या सगळ्या मी बिस्किटाच्या डब्यात जपत होतो.

एका बुधवारी दोन गोष्टी झाल्या. बाईंनी नोकरांच्या फाइलीत माझ्या नावापुढचं शिपाई काढून जमादार केलं. शिपायांच्या वरचा हा हुद्दा मी कितीतरी उन्हाळे साहेबांच्या मागं लागून मिळवला होता. आणि संध्याकाळी, आपल्यालाही येतं हे दाखवायला, साहेबांनी स्वतः बटण दाबलं, अन् सभासदांच्या फाइलीतून अख्खं रोहणा गाव पुसलं गेलं. त्या रात्रीच्या फ्लॉपीवर दोन्ही फाइली तशाच उतरल्या.

गुरुवारी मशीन सुरूच होईना. नागपूरहून मिस्त्री आला, आतली डिस्क बदलून गेला. नवी डिस्क कोरी. आता सगळं फ्लॉप्यांवरून परत चढवायचं होतं.

साहेब बाईंना म्हणाले, "शनिवारची चढवा, मग सोमवार, मंगळवार. बुधवारची राहू द्या. त्या दिवसाचं तोंड पाहायचं नाही मला."

"मंग मी पुन्हा शिपाई होतो का?" मी दारातून विचारलं.

"तुमचं टाकू ना काकाजी, नंतर."

'नंतर' ऐकता ऐकताच माझे केस पिकले होते. मी डबा काखेत मारला. "बुधवार चढत नसन, तं शनिवारबी भेटत नाई."

साहेब तापले. "अन् बुधवारची चढवली की रोहण्याचे लोक पुन्हा जातात, त्यांचं काय?"

"रोहण्यात माही सासुरवाडी आहे, साहेब. त्याईले तुमी पुसलं, मी नाई."

बाईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "काकाजी, भांडता काऊन? द्या तो डबा. सभासदांची फाइल मंगळवारची ठेवते, अन् बुधवारच्या फ्लॉपीतून नुसती नोकरांची घेते. फ्लॉपी घातली म्हणून तिच्यातलं सगळंच घ्या लागते थोडंच?"

साहेब पंख्याकडं पाहू लागले.

मी डबा दिला, पण खुर्चीमागून हललो नाही. पडद्यावर सगळं इंग्रजीत. बाईंनी माझ्या नावावर बोट ठेवलं. मंगळवारपर्यंत चढलं तेव्हा नावापुढचा शब्द आखूड होता. बुधवारची फाइल घेतल्यावर तो लांब झाला.

"झालं बरोबर," मी म्हणालो.

"वाचता येतं का तुम्हाला?" साहेबांनी टोमणा मारला.

"इंग्रजी नाई येत. लांबी समजते."

मग बाईंनी रोहण्याची नावंही दाखवली. त्यात माझा सासरा होता. मला त्याचं फारसं सुख नव्हतं, पण होता.

"मग जमादार," साहेब म्हणाले, "आता तरी चहा आणता का?"

कचेरीत दुसरा शिपाई नव्हताच. चहा मीच आणला. पण हळूहळू चालत आणला, आणि तो गार झाला तरी त्या दिवशी मला कोणी काही बोललं नाही.