टेकडीवरची खदान आणि आमचं घर

गावामागच्या टेकडीवर दगडाची खदान आणि खडी क्रशर येणार असं कळलं, तेव्हा गावात मनापासून खूश झालेली बाई बहुधा मी एकटीच. माझे मिस्टर पुण्याकडं एका खदानीवर पोकलेन चालवायचे. दिवाळीला यायचे, आठवडाभर राहून परत. येलदरीकडचं आमचं रान कोरडवाहू. सोयाबीन, तूर निघायची, पण तेवढ्यावर घर भागत नव्हतं. खदान इथंच झाली तर ते रोज घरी, आमच्या लेकरासोबत जेवतील, एवढंच मला दिसत होतं.

सासूबाईंना काळजी विहिरीची. गावाचं पिण्याचं पाणी टेकडीच्या पायथ्यालाच आहे. त्या म्हणायच्या, "सुरुंग लागले की झरे कुठं जातील, कोणाला ठाव?"

"आत्या, तुमचा लेक घरी येईल की," मी म्हणायचे.

खदानीला ग्रामपंचायतीचं नाहरकत लागत होतं. त्यासाठी ग्रामसभा ठरली आणि मिस्टर रजा काढून आले. खदानीच्या बाजूनं बोलायलाच आले असणार, असं मी धरून चालले होते. आदल्या दिवशी जेवताना मात्र ते म्हणाले, "मी उद्या नको म्हणणार हाय."

माझा घास हातातच राहिला. "गावातली पोरं कामासाठी वणवण करायलेत, आन् तुमी नको म्हणताव?"

"मला बी घरी यायचंय. पण तिथं आमी ताट धुवून ठेवलं तरी जेवायच्या आधी परत पुसावं लागतंय, एवढी धूळ. मी एकटा खातोय तवर ठीक हाय. लेकराला न्हाई खाऊ घालायची."

ग्रामसभेत दोन्हीकडून बोलणं झालं. एकजण म्हणाला, "काम नसल्यानं गाव रिकामं व्हायलंय, त्याचं काय?" ते खोटं नव्हतं. मिस्टर उठले. आपलं पोट याच कामावर चालतं, तरी हे गावाजवळ नको, एवढंच बोलून खाली बसले. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा लगेच उठला नाही. शेजारी सासूबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, मुद्दामच. मग मी हात नकोच्या बाजूनं वर केला.

नाहरकत मिळालं नाही. पुढं काही महिने कोणी अनोळखी गाडी आली की ती टेकडीकडं वळते का, हे मी दारात येऊन बघायचे. शेवटी खदानवाल्यांनी अर्जच मागं घेतल्याचं सरपंचबाईंनी विहिरीवर सांगितलं. मी घागर खाली ठेवली आणि कट्ट्यावर बसून राहिले. इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी उसाच्या हंगामात मिस्टरांना गंगाखेडकडं तोडणीच्या मशीनवर काम मिळालं. ते बारमाही नाही, पण आता एसटीनं आठवड्याला घरी येतात. आमची भांडणंही व्हायला लागली आहेत. पूर्वी दिवाळीच्या सुट्टीत भांडायला सवडच नसायची.